भरवशाचा रिसीव्हर घ्यायचा की बूम-बस्टवाला? फँटसी फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी

फँटसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या खऱ्या प्लेयर्सची आपली टीम बनवायची, त्यांच्या मॅचमधल्या आकड्यांवर पॉइंट मिळवायचे आणि दर आठवड्याला समोरच्या एकाशी मॅच खेळायची. नेहमीचा प्रश्न असा, दर आठवड्याला साधारण सारखे पॉइंट देणारा भरवशाचा रिसीव्हर घ्यायचा, की एका आठवड्यात धो-धो आणि दुसऱ्यात काहीच नाही असा बूम-बस्टवाला. एनएफएलमधल्या चार्जर्स टीमचा २०२१ चा सीझन घ्या. टीम एकच, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) एकच, जस्टिन हर्बर्ट, आणि दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे). कीनन ॲलनने १०६ कॅच घेतले, ११३८ यार्ड, ६ टचडाउन. माइक विल्यम्सने ७६ कॅच, ११४६ यार्ड, ९ टचडाउन. दोघेही १६-१६ मॅच खेळले. आता याचे फँटसी पॉइंट काढा, १० यार्डला १ आणि टचडाउनला ६ धरून, टू-पॉइंट कन्व्हर्जन आणि फंबल सोडून देऊ. फुल पीपीआर असेल म्हणजे प्रत्येक कॅचला १ पॉइंट, तर ॲलन २५५.८ आणि विल्यम्स २४४.६. कॅचला काहीच मिळत नसेल तर विल्यम्स १६८.६ आणि ॲलन १४९.८. आणि हाफ पीपीआर असेल, म्हणजे कॅचला अर्धा पॉइंट, तर विल्यम्स २०६.६, ॲलन २०२.८, म्हणजे जवळजवळ सारखेच.

तेच दोन प्लेयर, तोच सीझन, आणि उत्तर उलटंपालटं झालं. म्हणून कोणी विचारलं की "अरे भरवशाचा घेऊ की बिग-प्लेवाला" तर माझा पहिला प्रश्न हाच असतो, तुझ्या लीगचं स्कोअरिंग काय आहे. ऑगस्टच्या शेवटी, बऱ्याचदा गणपतीच्या धावपळीत ड्राफ्ट (पाळीपाळीने प्लेयर निवडणं) असतो, लोक रँकिंगची शीट डाउनलोड करतात आणि ती शीट फुल पीपीआरची आहे की हाफची हे बघतच नाहीत. ॲप कुठलंही असो, स्लीपर, याहू, ईएसपीएन, सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा नीट वाचा, कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) १०० यार्डला बोनस ठेवलाय का, ४० यार्डच्या वरच्या टचडाउनला जास्त पॉइंट आहेत का तेही बघा. डेली फँटसीच्या (डीएफएस) साइट्सपैकी ड्राफ्टकिंग्जवर १०० रिसीव्हिंग यार्ड झाले की ३ पॉइंट बोनस मिळतो, फॅनड्युएल हाफ पीपीआर आहे. कॅचला जितके जास्त पॉइंट तितका ॲलनसारखा माणूस वर जातो, बोनस आले की विल्यम्ससारखा.

आता याच विल्यम्सचे त्या सीझनमधले ओळीने तीन आठवडे बघा, पीपीआरमध्ये. रेडर्सविरुद्ध १ कॅच, ११ यार्ड, २.१ पॉइंट. पुढच्या आठवड्यात ब्राउन्सविरुद्ध ८ कॅच, १६५ यार्ड, २ टचडाउन, ३६.५ पॉइंट. त्याच्या पुढच्या आठवड्यात रेवन्सविरुद्ध २ कॅच २७ यार्ड, ४.७. तिघांची सरासरी १४.४ येते आणि १४.४ म्हणजे मस्त आकडा आहे, फक्त त्या तीनपैकी एकाही मॅचमध्ये त्याने १४ च्या आसपास काही दिलं नाही. बूम-बस्ट म्हणतात ते हेच, आणि ज्याच्याकडे असा प्लेयर असतो त्याचा जीव रविवारी टांगणीला लागलेला असतो हे मला पूर्ण मान्य आहे. उलट ॲलनचं बघा, १०६ कॅच भागिले १६ मॅच, म्हणजे मॅचला साडेसहाच्या वर कॅच. यार्ड आणि टचडाउन मोजायच्या आधीच साडेसहा पॉइंट पदरात.

इथेच बहुतेक लोक घाईने ठरवून टाकतात की मग भरवशाचाच बरा, डोक्याला ताप नाही. मला वाटतं इथे थोडं थांबून हिशोब करायला पाहिजे, कारण तुमची मॅच एक प्लेयर जिंकत नाही, आठ-नऊ जणांची बेरीज जिंकते, आणि बेरजेत एकाचं वरखाली होणं बरंचसं झाकलं जातं. समजा तुमच्या बाकीच्या टीमचा स्कोअर दर आठवड्याला साधारण २० पॉइंटने वरखाली होतो (स्टँडर्ड डिव्हिएशन म्हणतोय मी), भरवशाचा रिसीव्हर ६ ने होतो आणि बूमवाला १० ने. हे सरळ मिळवायचे नसतात, वर्ग करून मिळवायचे आणि मग वर्गमूळ काढायचं. ४०० अधिक ३६ चं वर्गमूळ २०.९. ४०० अधिक १०० चं २२.४. म्हणजे एवढी चर्चा करून निवडलेल्या त्या एका माणसामुळे तुमच्या पूर्ण टीमच्या अस्थिरतेत फरक पडला दीड पॉइंटचा.

म्हणून रविवारी (अमेरिकेच्या ईस्टर्न वेळेने) दुपारी १ च्या मॅचेस सुरू व्हायच्या आधी, सगळे प्लेयर खेळायचे बाकी असताना, जास्त सरासरीवाला लावा. सरळ. सरासरी म्हणताना मी यापुढच्या मॅचमधली अपेक्षित सरासरी म्हणतोय, मागची नाही, त्यावर खाली येतो. पण "हा सेफ आहे" म्हणून दर आठवड्याला दोन पॉइंट कमी देणारा लावणं हे नुकसान आहे, आणि "याचं सीलिंग मोठं आहे, चालला तर खूप देईल" म्हणून दोन पॉइंट सोडणं हेही नुकसानच. समोरचा २० पॉइंटने फेवरिट दाखवत असला तरी रविवारी सकाळी एक बूमवाला लावून तुमची जिंकायची शक्यता जेमतेम एखाद टक्क्याने हलते, तुम्ही करून बघा.

पण मंडे नाइटला, म्हणजे आठवड्याच्या शेवटच्या मॅचला, सगळं बदलतं. 

समजा सोमवार संध्याकाळ झाली, बाकी सगळे खेळून झाले, तुमची फक्त फ्लेक्सची (रिसीव्हर किंवा रनिंग बॅक कोणीही चालणारी) जागा उरलीय आणि समोरच्याचं कोणी उरलेलं नाही. तुमच्याकडे दोन रिसीव्हर आहेत, एकाची सरासरी १४ आणि वरखाली ६, दुसऱ्याची सरासरी १३ आणि वरखाली १०. तुम्हाला जिंकायला २४ हवेत. ढोबळमानाने बेल कर्व्ह धरला तर पहिला २४ च्या वर जायची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्याची १३-१४ टक्के. सरासरी एका पॉइंटने कमी असूनही दुसरा जवळजवळ तिप्पट चांगला! आणि हेच जर तुम्हाला फक्त ९ हवे असतील तर पहिला ८० टक्के वेळा देईल, दुसरा ६५ च्या थोडं वर. एकच माणूस बाकी असताना तुमच्याकडे बेरीज नसतेच, मग वरखाली होणं हीच गोष्ट सगळं ठरवते. (खरे स्कोअर बेल कर्व्हसारखे नसतात, बूमवाल्यांची शेपटी वरच्या बाजूला लांब असते, त्यामुळे २४ हवे असताना तो प्रत्यक्षात अजूनच कामाचा ठरतो.)

याचा उपयोग करायचा तर एक सवय लावून घ्या, आणि ही सवय फुकट आहे. गुरुवारी किंवा रविवारी दुपारी खेळणारा रिसीव्हर कधीही फ्लेक्समध्ये ठेवू नका, त्याला डब्ल्यूआरच्या (वाइड रिसीव्हरच्या) जागेत टाका, आणि संडे नाइट किंवा मंडे नाइटवाला फ्लेक्समध्ये ठेवा. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, टाइट एंड, रिसीव्हर कोणीही चालतो म्हणून शेवटची जागा जितकी मोकळी तितके तुमचे पर्याय जास्त. आणि जमलं तर बेंचवर उशिरा खेळणारे दोन वेगळ्या स्वभावाचे रिसीव्हर असू द्या, एक जो ९-१० नक्की देईल आणि एक जो २५ देऊ शकतो. मग सोमवारी तुम्हाला किती हवेत ते बघून ठरवा. मला कुठल्याही रँकिंगपेक्षा या एका गोष्टीचा फायदा जास्त वाटतो, आणि आमच्या लीगमध्ये अजूनही अर्धे लोक गुरुवारच्या माणसाला फ्लेक्समध्ये टाकून मोकळे होतात.

किती हवेत ते कळलं की अंदाज कसा करायचा? प्लेयरची गेम लॉग उघडा आणि मोजा, किती मॅचमध्ये त्याने तेवढे पॉइंट पार केलेत. फक्त त्यातल्या बॅकअप क्वार्टरबॅकच्या मॅच काढा, ज्या मॅचमधून तो दुखापतीने अर्ध्यात बाहेर गेला त्या काढा. उरलेल्या ८-१० मॅचमध्ये एकाने २४ पार केलंय तीन वेळा आणि दुसऱ्याने एकदाही नाही, तर विचार करायला फार काही उरत नाही.

आता सरासरीवर येतो, कारण बूमवाल्यांची सरासरी फसवी असते आणि तिथेच लोक जास्त मार खातात. टेक्सन्सच्या विल फुलरचा २०१९ चा सीझन बघा. फाल्कन्सविरुद्ध १४ कॅच, २१७ यार्ड, ३ टचडाउन, पीपीआरमध्ये ५३.७ पॉइंट एका मॅचमध्ये. पूर्ण सीझन ११ मॅचचा, त्यात ४९ कॅच, ६७० यार्ड आणि ३ टचडाउन. म्हणजे सीझनचे सगळेच्या सगळे टचडाउन त्या एकाच दिवशी झाले. सरासरी निघते १२.२, ठीकठाक स्टार्टर वाटतो. तो एक दिवस बाजूला काढा, उरलेल्या १० मॅचची सरासरी ८. ज्याने फाल्कन्सच्या मॅचनंतर त्याला १५-१६ पॉइंटचा माणूस समजून ट्रेड केला त्याला हा ८ वाला मिळाला, आणि वर दुखापती होत्याच.

बिल्सच्या गेब डेव्हिसचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये चीफ्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये ८ कॅच, २०१ यार्ड, ४ टचडाउन, प्लेऑफच्या एका मॅचमध्ये चार रिसीव्हिंग टचडाउन त्याच्या आधी कोणी केले नव्हते. पुढच्या ऑगस्टमध्ये ड्राफ्टमध्ये त्याच्यावर नुसत्या उड्या पडल्या. २०२२ च्या सीझनमध्ये त्याने स्टीलर्सविरुद्ध ३ कॅचमध्ये १७१ यार्ड आणि २ टचडाउन केले, त्यातला एक ९८ यार्डचा, बघायला अप्रतिम. पण सीझन संपला तेव्हा ४८ कॅच, ८३६ यार्ड, ७ टचडाउन, १५ मॅचमध्ये सरासरी साडेअकरा. वाईट नाही हो, पण लोकांनी जी किंमत मोजली त्या मानाने कमीच.

म्हणून माझी पद्धत अशी की पॉइंट शेवटी बघायचे, आधी टार्गेट. मॅचला ८-९ वेळा बॉल त्याच्याकडे फेकला जातोय आणि तो लांबचे रूट (पास झेलायला पळायचे मार्ग) पळतोय, तर तो बूमवाला घ्यायलाच पाहिजे, त्याचे वाईट आठवडे हे निव्वळ नशिबाचे असतात आणि पुढे भरून निघतात. मॅचला ४ टार्गेट असतील तर वाईट आठवडे हीच त्याची खरी परिस्थिती आहे आणि चांगला आठवडा अपवाद. मग बघायचं, टीम पास खेळते तेव्हा तो किती वेळा मैदानात रूट पळतोय, जवळजवळ प्रत्येक वेळी की अर्ध्या वेळी. अर्ध्या वेळी बाकावर बसणारा डीप थ्रेट (लांबच्या पासवाला) मी फुल पीपीआरमध्ये स्टार्टर म्हणून धरत नाही, कितीही हायलाइट व्हिडिओ असू देत. हे सगळं फुकटात साइट्सवर मिळतं, पैसे भरायची गरज नाही.

आणि टचडाउनवर फार विश्वास ठेवू नका. परत माइक विल्यम्सच, २०१८ मध्ये ४३ कॅच, ६६४ यार्ड, १० टचडाउन. २०१९ मध्ये ४९ कॅच, १००१ यार्ड, कॅचला २० यार्डच्या वर सरासरी, आणि टचडाउन फक्त २. यार्ड ३३७ ने वाढले आणि तरीही रिसीव्हिंगचे फँटसी पॉइंट आधीच्या वर्षापेक्षा कमी झाले. त्याच टीममध्ये ॲलनचे २०१७ ते २०१९ चे कॅच बघा, १०२, ९७, १०४, आणि टचडाउन तिन्ही वर्षी ६. कॅच आणि टार्गेट पुढच्या वर्षी बऱ्यापैकी तसेच राहतात, टचडाउन पळ काढतात. म्हणून ज्याचे कॅच कमी आणि टचडाउन खूप, त्याची मागच्या वर्षीची सरासरी पुढच्या वर्षासाठी खाली आणूनच धरायची.

भरवशाच्या बाजूलाही एक फसगत आहे बरं का. दर आठवड्याला ४ कॅच ४० यार्ड, ८ पॉइंट, असा माणूस कागदावर फार सातत्याचा दिसतो आणि लोक त्याला वर्षभर बेंचवर सांभाळून ठेवतात. तसे ८ पॉइंट वेव्हरवर (लीगमध्ये कोणीच न घेतलेल्या प्लेयर्समधून) जवळजवळ दर मंगळवारी मिळतात. मला भरवशाचा म्हणजे अमोन-रा सेंट ब्राउनसारखा माणूस म्हणायचंय, लायन्सने २०२१ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये चौथ्या राउंडमध्ये घेतला, आणि मग ९० कॅच, १०६, ११९, ११५, वर्षामागून वर्ष. असं व्हॉल्यूम असेल तरच सातत्याला किंमत द्या.

फँटसी ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये तर हा प्रश्नच नसतो, तिथल्या लोकांकडे दोन्ही असतं. बेंगल्सच्या जामार चेसने २०२४ मध्ये १२७ कॅच, १७०८ यार्ड, १७ टचडाउन केले, तिन्हीत लीगमध्ये पहिला, आणि त्यातच रेवन्सविरुद्ध एका रात्रीत २६४ यार्ड आणि ३ टचडाउन. असा माणूस मिळाला तर डोळे झाकून घ्या. खरी निवड पाचव्या-सहाव्या राउंडपासून पुढे येते. तिथे मी असं करतो, पहिले दोन रिसीव्हर टार्गेटवाले झाले की मग तिसऱ्या-चौथ्यापासून बूमवाले, कारण बेंचवरच्या माणसाचा वाईट आठवडा तुम्हाला लागत नाही, आणि त्याचा रोल वाढला तर तो थेट स्टार्टर होतो. बेंचवर ८ पॉइंटवाला ठेवून काय मिळवणार? आणि तुमच्या लीगमध्ये ३ रिसीव्हर लावावे लागत असतील आणि वर फ्लेक्स असेल तर टार्गेटवाले तीन घ्या.

बेस्ट बॉल खेळत असाल तर मात्र बूमवाल्यांना सरळ एक-दोन राउंड वर ओढा, तिथे ॲपच दर आठवड्याला तुमचे सगळ्यात जास्त पॉइंटवाले निवडतं, त्यामुळे विल्यम्सचा २.१ तुमच्या खात्यात येतच नाही, ३६.५ येतो. डीएफएसच्या मोठ्या टूर्नामेंटमध्येही तेच, हजारो लोकांत पहिलं यायचं तर १४ पॉइंटचा भरवसा काही कामाचा नाही, तिथे बूमवाला आणि त्याचाच क्वार्टरबॅक दोघे एकत्र लावतात कारण एका ७० यार्डच्या टचडाउनचे पॉइंट दोघांनाही मिळतात. फिफ्टी-फिफ्टीमध्ये, म्हणजे जिथे वरच्या अर्ध्या लोकांना बक्षीस मिळतं, उलटं.

हवामानाबद्दल थोडक्यात. पावसाला लोक उगाच घाबरतात, लांबचा पास मारतो तो वारा. डिसेंबरमध्ये बफेलो किंवा क्लीव्हलंडला जोराचा वारा असेल तर डीप रिसीव्हर खाली आणा, ५-७ यार्डचे पास घेणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. डेट्रॉइट, मिनेसोटा, न्यू ऑर्लिन्स बंद छताखाली खेळतात. फँटसी प्लेऑफ बहुतेक लीगमध्ये १५ ते १७ व्या आठवड्यात, म्हणजे ऐन थंडीत येतात, तेव्हा बूमवाला घेताना त्याच्या त्या तीन मॅच कुठे आहेत हे ड्राफ्टच्या आधीच बघून ठेवलेलं बरं. आणि क्वार्टरबॅक बदलला तर सगळ्यात आधी डीप रिसीव्हर मरतो, बॅकअपवाला सहसा जवळचा पास बघतो.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेचं गणित वेगळं आहे, न्यू जर्सी किंवा डॅलसवाल्या मित्रांच्या लीगमध्ये पुण्याहून खेळणारे बरेच आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रविवारच्या पहिल्या मॅचेस आपल्याकडे रात्री १०.३० ला, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलली की ११.३० ला. कोण खेळत नाहीये ती इनॲक्टिव्ह यादी मॅचच्या दीड तास आधी येते, म्हणजे ९ ला, नोव्हेंबरपासून १० ला, जेवणाच्या वेळी एकदा फोन बघा. मंडे नाइट म्हणजे आपली मंगळवारची पहाट, पावणेसहा, नंतर पावणेसात. वर सांगितलेला फ्लेक्सचा निर्णय त्या पहाटेचा आहे, आणि अलार्म लावून उठायचं नसेल तर सोमवारी सकाळी उठल्यावर, संडे नाइट संपली की, किती पॉइंट हवेत ते बघून तेव्हाच माणूस बदलून टाका. समोरच्याचा कोणी सोमवारी खेळायचा असेल तर त्याचे अपेक्षित पॉइंट मिळवून मग बघा, १२ ने मागे आहात आणि त्याचा १३ वाला बाकी आहे तर तुम्हाला २५ हवेत, १२ नाही.

ट्रेडचंही वेळापत्रकच आहे. बूमवाल्याला विकायचं मंगळवारी, ३६ पॉइंटच्या आठवड्यानंतर, तेव्हा चारजण विचारायला येतात. घ्यायचं ओळीने दोन वाईट आठवडे गेल्यावर, पण टार्गेट कमी झाले नसतील तरच, ७-८ टार्गेट मिळतायत आणि पॉइंट ५ आले, असा माणूस दिसला की त्याच्या मालकाला लगेच ऑफर पाठवा, आणि बदल्यात तुमच्याकडचा सातत्याने ११-१२ देणारा तिसरा रिसीव्हर द्या, वैतागलेल्या माणसाला तो फार आवडतो.